तालमीचं तिकीट

युरोव्हिजन, म्हणजे मुख्यतः युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्याची स्पर्धा. तिच्या अंतिम फेरीचं तिकीट मला मिळालं नाही. मिळालं ते आदल्या रात्रीच्या तालमीचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तालमीला कुणी पैसे मोजतं का?"

"आई, निम्मे गुण ह्याच तालमीवर ठरतात."

"मग दुसऱ्या दिवशी लोक काय बघतात?"

"उरलेले निम्मे."

ती हसली आणि विषय बदलला. पण मी गंमत करत नव्हते. मे २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला जाऊन आल्यावर तर माझं मत आणखी पक्कं झालं आहे. ही स्पर्धा समजून घ्यायची असेल तर शनिवारच्या झगमगाटापेक्षा शुक्रवारची रात्र गाठावी.

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते. बासेल इथून रेल्वेने तासाभराच्या आत, म्हणजे सीमेपलीकडचं शेजारघरच. २०२४ मध्ये स्वीडनमधल्या माल्म्योला स्वित्झर्लंडच्या नेमोने ५९१ गुणांनी स्पर्धा जिंकली. जिंकणाऱ्या देशाने पुढच्या वर्षीचं यजमानपद घ्यायचं अशी इथली पद्धत. जिनिव्हाला मागे टाकून बासेलचं नाव जाहीर झालं, तेव्हा माझ्या ऑफिसातली मैत्रीण टेबलावर हात आपटून ओरडली. ती लहानपणापासून ही स्पर्धा बघते. तिच्या घरात मे महिन्यातला तो शनिवार सणासारखा असतो.

तिचा आनंद थोडे दिवस टांगणीला लागला, कारण मध्ये सार्वमत उपटलं. बासेल शहर-प्रांताने कार्यक्रमासाठी ३ कोटी ७५ लाख फ्रँक मंजूर केले होते. एका छोट्या धार्मिक पक्षाने त्याला हरकत घेतली, सह्या जमवल्या आणि प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. गाण्याच्या कार्यक्रमाला पैसे द्यायचे की नाही यावर अख्ख्या शहराने मतदान करावं, हे स्वित्झर्लंडमध्येच घडू शकतं. २४ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला आणि जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी होकार दिला. मैत्रिणीने त्याच दिवशी मला निरोप पाठवला : "नाव नोंदव."

नाव नोंदवणं म्हणजे तिकीट मिळणं नव्हे. आधी नोंदणी केली असेल तरच विक्रीच्या दिवशी रांगेत उभं राहता येणार होतं, आणि रांगही ऑनलाइन. २९ जानेवारीला विक्री उघडली. पडद्यावरची ती सरकणारी पट्टी बघत बसण्याखेरीज हातात काही नव्हतं. माझा नंबर लागेपर्यंत शनिवारचं काहीच शिल्लक नव्हतं. हॉलमध्ये बसणार जेमतेम साडेसहा हजार माणसं आणि चाहते सबंध युरोपभर, तेव्हा नवल करण्यासारखं काही नव्हतं. मैत्रिणीचा नंबर जरा आधी लागला. तिने एका क्षणात ठरवून शुक्रवार रात्रीची दोन तिकिटं उचलली. बाजूच्या कोपऱ्यातली, रंगमंचाचा काही भाग झाकणारी जागा होती ती. म्हणून स्वस्तही होती. त्या कोपऱ्याने आम्हाला काय दाखवलं ते पुढे सांगते.

आधी तालमींचं गणित. टीव्हीवर तीन कार्यक्रम दिसतात : मंगळवार आणि गुरुवारी उपांत्य फेऱ्या, शनिवारी अंतिम फेरी. पण प्रत्येकाच्या आदल्या रात्री एक आणि त्याच दिवशी दुपारी एक, अशा दोन पूर्ण रंगीत तालमी प्रेक्षकांसमोर होतात. म्हणजे तिकिटाचे एकूण नऊ खेळ. त्यातली शुक्रवार रात्रीची तालीम सगळ्यांत वजनदार. त्या रात्री प्रत्येक देशाचं परीक्षक मंडळ आपापल्या देशात बसून हेच प्रक्षेपण बघतं आणि गाण्यांचा क्रम लावतं. त्या वर्षी एका मंडळात पाच जण असत, सगळे संगीताशी संबंधित. पहिल्या क्रमांकाला १२ गुण, दुसऱ्याला १०, मग ८, ७ असं उतरत १ पर्यंत. १९७५ पासून ही मोजणी चालत आली आहे. शनिवारी सूत्रसंचालक एकेका देशाला हाक मारून जे गुण मागतात, ते आदल्या रात्रीच पाकिटात बंद झालेले असतात. शनिवारी गायकाचा आवाज फाटला तरी त्यातला एक गुण कमी होत नाही, आणि शनिवारी तो जीव ओतून गायला तरी एक वाढत नाही.

शुक्रवारी ऑफिस लवकर सोडून आम्ही बाडिशर बानहोफला उतरलो. स्टेशन स्वित्झर्लंडच्या हद्दीत असलं तरी चालवते ते जर्मन रेल्वे. तिथून मेस्सेच्या प्रदर्शन केंद्रापर्यंत चालत गेलो. तिथे युरोव्हिजनचं 'गाव' वसवलं होतं : मोठा मंच, खाण्याचे ठेले, आणि अंगाला झेंडे गुंडाळून फिरणारी माणसं. गर्दीत थोडं रेंगाळलो आणि १४ नंबरची हिरवी ट्राम धरली. ट्राममध्ये एक आजोबा आणि त्यांची नात आइसलंडच्या दोघा भावांसारखे चंदेरी कपडे घालून बसले होते. आजोबा अत्यंत गंभीर चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत होते.

सांक्ट याकोब्सहालेच्या आत पाऊल टाकल्यावर पहिली प्रतिक्रिया : एवढंच? टीव्हीवर हे सभागृह अफाट दिसतं. प्रत्यक्षात ते आटोपशीर आहे. रंगमंचाभोवती डोंगररांगेची आठवण करून देणारी भली मोठी चौकट आणि प्रेक्षकांत घुसणारी एक वाट. आमची जागा अगदी टोकाला. मागचा मोठा पडदा तिरपा दिसत होता, पण रंगमंचाची बाजू, जिथून सामान आत-बाहेर होतं, ती मात्र पूर्ण उघडी होती. मैत्रीण आधी खट्टू झाली. दोन गाणी झाली आणि ती म्हणाली, "जागा बदलून दिली तरी घेणार नाही."

कारण त्या बाजूला खरा खेळ चालला होता. गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नाहीत, हे नियम सगळ्यांना माहीत असतात. पण दोन गाण्यांच्या मध्ये टीव्हीवर जी छोटी फिल्म लागते, गायक स्वित्झर्लंडमध्ये हिंडताना दाखवणारी, ती का असते ते मला त्या कोपऱ्यात बसल्यावर कळलं. ती असते सामान बदलायला. साधारण चाळीस सेकंद.

ब्रिटनच्या तिघी गायल्या तेव्हा मंचावर कोसळलेलं भलं मोठं झुंबर होतं. त्यांच्यानंतर ऑस्ट्रिया, आणि ऑस्ट्रियाला हवी होती होडी. शेवटच्या सुराला दिवे गेले, टाळ्या सुरू झाल्या आणि अंधारात काळ्या कपड्यांतली माणसं धावली. कुणी ओरडत नव्हतं. चौघांनी झुंबराला हात घातला, दोघे आधीच वायर सोडवत होते, एक जण फडकं घेऊन जमीन पुसत मागे मागे सरकत होता. झुंबर आमच्या बाजूने बाहेर येतंय तोवर होडी आत निघाली होती. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा होत्या. एकाने गुडघे टेकून होडीचं टोक त्या खुणेवर आहे का ते बघितलं, बोटभर सरकवलं, अंगठा वर केला आणि पळाला. तो दिसेनासा झाला आणि प्रकाश आला. एकांकिका स्पर्धेत पडदा पाडून नेपथ्य लावणारी कॉलेजची पोरं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना ती धावपळ ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे पडदा पडत नाही आणि घड्याळ करोडो लोकांच्या समोर चालू असतं.

त्या होडीवर जेजे उभा होता. योहानेस पीच हे त्याचं नाव, व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात गाणारा, आई फिलिपिनो. पुरुषाचा गळा आणि पट्टी स्त्रीची. पडद्यावर सगळं कृष्णधवल दिसत होतं, वादळातल्या समुद्रासारखं. मान वळवून होडीकडे बघितलं की तोच माणूस रंगीत, घामेजलेला, पाय रोवून उभा. वरचा सूर लावताना त्याने डोळे मिटले आणि माझ्या पुढच्या रांगेतला माणूस हातातला ग्लास तसाच धरून थांबला. शेवटी ऑपेरा बाजूला पडून टेक्नो सुरू झालं तेव्हा हॉल उसळला. इथे वाद्यं आधी ध्वनिमुद्रित असतात, १९९८ नंतर वाद्यवृंद नाही, पण मुख्य गळा मात्र तिथल्या तिथे गावा लागतो. तो कसा गायला हे कुठूनतरी परीक्षकही बघत असतील, हा विचार मनातून जाईना.

उलटा अनुभव आला यजमान देशाच्या गाण्याचा. झोए मे एकटी उभी राहून हळुवार गाते आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरत राहतो. पडद्यावर तिचा चेहरा, केस, श्वास, सगळं जवळून. आमच्या कोपऱ्यातून दिसत होती कॅमेरावाल्याची पाठ. तो उलट्या पावलांनी तिच्याभोवती गोल चालत होता. मी थोडा वेळ तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि मग सरळ पडद्याकडे बघू लागले. ते गाणं हॉलसाठी रचलेलंच नव्हतं. आपलीच मुलगी म्हणून लोकांनी टाळ्या भरपूर वाजवल्या. मैत्रीण कानाशी म्हणाली, "परीक्षकांना आवडणार." ती अशी भाकितं नेहमीच करते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

सगळी २६ गाणी सांगत बसत नाही. फिनलंडची एरिका विकमन सोनेरी अवाढव्य मायक्रोफोनवर बसून ठिणग्यांच्या पावसात वर गेली तेव्हा मला खरंच धडकी भरली. फ्रान्सच्या लुआनवर वरून वाळू कोसळत होती आणि गाणं संपल्यावर माझं लक्ष गाण्यात कमी, ती वाळू आता कोण आणि कशी उचलणार यात जास्त होतं. स्वीडनने मंचावर लाकडी सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, उभारला होता. गंमत म्हणजे ते तिघे मुळात फिनलंडचे, स्वीडिश बोलणारे. जर्मनीच्या वतीने गाणारी भावंडं व्हिएन्नाची, सान मारिनोचा माणूस इटालियन. देशादेशांची स्पर्धा म्हणायची खरी, पण गायक त्याच देशाचा असावा असा नियम नाही. १९८८ मध्ये डब्लिनला स्वित्झर्लंडला एका गुणाने जिंकून दिलं ते कॅनडाच्या सेलिन डिऑनने.

इस्रायलची युवाल राफाएल आली तेव्हा हवा बदलली. प्रेक्षकांना त्या वर्षी स्वित्झर्लंडच्या कायद्यात बसणारा कुठलाही झेंडा आणायची मुभा होती, गायकांना मात्र फक्त आपल्या देशाचा. आमच्या भागात काही जण जोरात टाळ्या वाजवत होते, काही पाठ फिरवून उभे राहिले, कुणीतरी शिट्टी मारली. शहरात त्या आठवड्यात निदर्शनंही झाली. दुसऱ्या दिवशीच्या थेट प्रक्षेपणात तर दोघांनी कठडा ओलांडून मंचावर जायचा प्रयत्न केला आणि फेकलेला रंग एका कर्मचाऱ्याच्या अंगावर उडाला. 'स्पर्धा राजकारणापासून अलिप्त' हे वाक्य आयोजक दरवर्षी म्हणतात. हॉलमध्ये बसल्यावर ते वाक्य फार वेळ तग धरत नाही.

गाणी संपली आणि मग सुरू झाली मतमोजणी. खोटी! सूत्रसंचालकांना आणि तांत्रिक चमूला सराव हवा, म्हणून तालमीत बनावट आकडे वापरून सगळा सोहळा पार पाडतात. तीन सूत्रसंचालिकांपैकी सान्ड्रा श्टूडर १९९१ मध्ये रोमला स्वित्झर्लंडकडून स्वतः गाऊन पाचवी आली होती, तेव्हा तिला ही घालमेल आतून ठाऊक. आकडे बनावट आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी आपल्या लाडक्या देशाला '१२' मिळाले की लोक उड्या मारत होते. मीही मारल्या.

परतीच्या गाडीत मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सांगितली. ह्या तालमींचं चित्रीकरण जपून ठेवतात. २०२१ मध्ये रॉटरडॅमला आइसलंडच्या चमूतल्या एकाला कोरोना झाला आणि त्यांना मंचावर येता आलं नाही. तेव्हा तालमीतली चित्रफीतच दाखवली गेली आणि ते चौथे आले.

शनिवारी रात्री आम्ही तिच्या घरी टीव्हीसमोर. आता आमची पाळी होती, कारण उरलेले निम्मे गुण प्रेक्षकांचे. गाण्याचा क्रमांक म्हणजेच फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे. आपल्या देशाला मत देता येत नाही, म्हणून जर्मनीत बसून जर्मनी वर्ज्य. बाकी तेव्हा एका फोनवरून २० मतं. मी थोडी ऑस्ट्रियाला दिली, थोडी लॅटव्हियाच्या सहाजणींना. भारतातून माझ्या आतेबहिणीने क्रेडिट कार्ड वापरून ऑनलाइन मत दिलं. २०२३ पासून स्पर्धेबाहेरच्या जगाची सगळी मतं मिळून एक जादा देश धरतात.

परीक्षकांचे गुण आले आणि मैत्रिणीने माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं. ऑस्ट्रिया २५८ गुणांनी पहिली, आणि दुसरं स्वित्झर्लंड, २१४. मग प्रेक्षकांचे गुण, परीक्षकांच्या यादीत तळाला असलेल्यापासून वर. इस्टोनियाच्या टॉमी कॅशला २५८. इस्रायलला तब्बल २९७, तेही परीक्षकांनी फक्त ६० दिलेले असताना. ब्रिटनला शून्य. शेवटी दोनच नावं उरली. यजमान स्वित्झर्लंडला किती? शून्य. भरल्या घरात, आपल्याच माणसांसमोर. झोए मेने हसून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि मला माझ्या वीसांतलं एकही मत तिला न दिल्याचं वाईट वाटलं.

आता ह्या शून्याबद्दल. दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर 'एकानेही मत दिलं नाही' असा सूर होता. तसं नसतं. प्रत्येक देशात फक्त पहिल्या दहा गाण्यांना गुण मिळतात. एखादं गाणं सगळीकडे अकरावं-बारावं आलं, तर हजारो मतं पडूनही पाटी कोरी. परीक्षकांना सगळी गाणी क्रमाने लावावी लागतात, त्यामुळे नीटनेटकं, कुणाला न खटकणारं गाणं तिथे वर चढतं. प्रेक्षक मात्र फोन उचलतो तो वेड लागल्यावरच, आणि लागलं की हातातली सगळी मतं एकाच नावावर ओततो. कॅमेऱ्याने झोए मेचा चेहरा घरोघरी पोहोचवला होता, पण चेहरा आवडणं वेगळं आणि त्यासाठी फोन फिरवणं वेगळं.

जेजेला प्रेक्षकांकडून १७८ मिळाले. प्रेक्षकांच्या यादीत तो चौथा, तरी बेरीज ४३६ आणि विजेता. इस्रायल ३५७, इस्टोनिया ३५६. म्हणजे जेजेच्या विजयाचा मोठा वाटा शुक्रवारी रात्री, मी त्या तिरप्या खुर्चीत बसले असताना पडला होता. असं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. २०२३ मध्ये लिव्हरपूलला प्रेक्षकांचे ३७६ गुण घेऊन फिनलंडचा कारिया हरला आणि परीक्षकांच्या ३४० च्या जोरावर स्वीडनची लोरीन जिंकली. २०१६ मध्ये तर युक्रेनची जमाला दोन्हीपैकी कुठल्याच यादीत पहिली नव्हती, बेरजेत पहिली आली.

परीक्षक नकोतच, असं म्हणणारे चाहते बरेच आहेत. मला ते पटत नाही. मतांचा फोन ज्याच्याकडे आहे त्याची माया आणि जो सुरावट ऐकतो त्याचा कान, दोन्ही हवेत. परीक्षक धुतल्या तांदळासारखे असतात असं मात्र नाही. २०२२ मध्ये सहा देशांच्या मंडळांच्या मतांत संशयास्पद सारखेपणा सापडला आणि त्यांचे गुण बाद केले गेले. पुढच्या वर्षापासून उपांत्य फेरीतून परीक्षकांना काढूनच टाकलं.

बासेलनंतर प्रेक्षकांच्या मतांवरून गदारोळ झाला, काही वाहिन्यांनी तपासणीची मागणी केली, आणि २०२६ च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेसाठी नियम बदलले. एका माणसाची मतं २० वरून १०. मंडळात पाचऐवजी सात जण, त्यातले किमान दोघे १८ ते २५ वयाचे. आणि उपांत्य फेरीत परीक्षक परत. म्हणजे आता सोमवार आणि बुधवार रात्रीच्या तालमींनाही तेवढंच वजन आलं, आणि त्या तिकिटांसाठी शनिवारसारखी मारामारी नसते. जागा निवडायची वेळ आली तर रंगमंचाच्या समोरची सोडून बाजूची बघा, सामान ज्या बाजूने आत-बाहेर होतं तिकडची.